दोनदा विचारलेला प्रश्न

१८९३ सालच्या जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी, माझ्या बायकोने मुंबईच्या कोर्टात सांगितले की ती माझ्याबरोबर नांदायला येणार नाही. न्यायाधीशाने तिला हे आपल्या खोलीत, एकटीला बसवून विचारले होते. मी बाहेर बाकावर होतो. माझ्या शेजारी दोन हात जागा सोडून तिचे वडील बसले होते. दुभाष्याने बाहेर येऊन तिचे उत्तर सांगितले. न्यायाधीशाने प्रकरण एक वर्ष पुढे ढकलले.

कायदाच तसा होता. हिंदू माणूस ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने त्याच्या बायकोने नांदायचे नाकारले, तर त्याने कोर्टात अर्ज करायचा. न्यायाधीशाने बायकोला विचारायचे. ती नाही म्हणाली तर वर्षभर थांबायचे. त्या वर्षात दोघांची एक भेट, न्यायाधीशाने नेमलेल्या माणसासमोर. वर्ष संपले की तोच प्रश्न तिला पुन्हा. दुसऱ्यांदाही ती नाही म्हणाली तर लग्न मोडले आणि दोघेही मोकळी.

मी गिरगावातल्या एका मराठी वर्तमानपत्रात कोर्टाच्या बातम्या लिहीत असे. असली प्रकरणे मी ओळीने लिहिली होती. या प्रकरणाची बातमी माझ्या सहकाऱ्याने लिहिली. चार ओळी दिल्या आणि माझे नाव गाळले. हे त्याने मला न विचारता केले. त्याचे आभार मी तेव्हा मानले नाहीत, म्हणून इथे मानतो.

मी बाप्तिस्मा घेतला तो १८९१ च्या पावसाळ्यानंतर. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि बायको एकोणीस. लग्न लहानपणी झालेले. माझ्या वडिलांच्या घरी ती दीड वर्ष नांदली होती, पण त्या घरात तरुण नवराबायकोने दिवसा बोलायची पद्धत नव्हती. तिला आमटी तिखट लागते की गोड, हे मला माहीत नव्हते. बाप्तिस्म्याची बातमी घरी कळल्यावर वडिलांनी माझ्या नावाने घट फोडला, म्हणजे मेलेल्या माणसासारखे माझे कार्य केले. तिसऱ्या दिवशी तिचे वडील तिला परळला घेऊन गेले. ते तिथल्या एका गिरणीत कारकून होते. घरात तिची आत्या होती, आई नव्हती. मी गिरगावातच एका वाडीत एक खोली घेतली.

कोर्टात अर्ज करण्याचा सल्ला आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांचा. ते मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. "अर्ज कर," ते म्हणाले. "आली तर आली. नाही तर मोकळा होशील. आपल्या मुलींच्या शाळेत एक शिक्षिका आहे, अनाथ आहे, गुणी आहे. देवळात लग्न लागेल." मला तेव्हा दोन्ही चालले असते. हे लिहायला मला आवडत नाही, पण ते खरे आहे.

अर्जाच्या आधी मी बायकोला एक पत्र पाठवले होते. मी काय लिहिले ते कोर्टातून परतलो त्या दुपारी आमच्या पाळकांच्या पत्नीने विचारले. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. बातमीदाराच्या सवयीने मी पत्राची नक्कल ठेवली होती. ती त्यांना दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि बायबल माझ्यापुढे सरकवले.

"हे कुठून घेतलंस?"

मी पान काढून दाखवले. बायकोने नवऱ्याच्या अधीन असावे, असे प्रेषिताने आपल्या पत्रात सांगितले आहे, तेवढा मजकूर मी उतरवला होता.

"आता खाली वाच. मोठ्याने."

मी वाचले. नवऱ्याने बायकोवर स्वतःच्या शरीरासारखी प्रीती करावी, ख्रिस्ताने मंडळीसाठी जसा जीव दिला तसे तिच्यासाठी स्वतःला द्यावे, असा मजकूर होता. बायकोसाठी जेवढ्या ओळी, त्यापेक्षा नवऱ्यासाठी जास्त.

"आता हे." त्यांनी दुसरे पत्र काढले. करिंथच्या मंडळीला लिहिलेले. त्यात बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार सांगितला आहे आणि लगेच पुढे, नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा. त्याच्याही पुढे, विश्वास न ठेवणारी बायको नवऱ्याबरोबर राहायला राजी असेल तर त्याने तिला सोडू नये.

"पुढच्या ओळी का नाही लिहिल्यास रे?"

त्यांनी माझी नक्कल उचलून धरली.

"वर्तमानपत्रात कुणाचं भाषण असं अर्धं छापलंस तर संपादक काय करतील?"

"काढून टाकतील."

"हं," काकू म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसला. "मी तीन वर्षं माहेरी बसले होते, ठाऊक आहे? यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा. मीही नाहीच म्हणाले होते. मला कुणी विचारलंच नव्हतं, नुसतं बोलावलं होतं. तुझ्या बायकोला निदान साहेबाने तरी विचारलं."

पाळक स्वतः अंगणात आरामखुर्चीवर होते. साठीच्या पुढचे, देशावरून आलेले, कमी बोलणारे. मी त्यांना विचारले की या वर्षात मी कोण. लग्न झालेला, की मोकळा?

"लग्न झालेला," ते म्हणाले. "शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या तासापर्यंत."

त्या रविवारी उपासना संपल्यावर निवृत्त शिक्षकांनी हा विषय ओसरीवर काढला. त्यांचे म्हणणे असे की होमाभोवती फिरून लागलेले लग्न देवापुढे लग्नच नाही.

"असं?" पाळक म्हणाले. "मग तुमच्या मातोश्रींचं आणि वडिलांचं काय करायचं? त्यांचं कुठल्या देवळात लागलं होतं?"

ओसरीवरचे सगळे हसले. शिक्षक हसले नाहीत. ते चांगले गृहस्थ होते. पुढे आमच्या घरी त्यांनी पहिले कॅलेंडर आणून दिले.

पाळकांनी त्या वर्षी मला जे शिकवले ते प्रवचनातून नव्हे. दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाई, आणि बायबलमध्ये लग्नाविषयी जिथे जिथे काही आहे ते आम्ही क्रमाने वाचत असू. पुरुष आपल्या आईबापांना सोडून बायकोला धरून राहील आणि ती दोघे एकदेह होतील, हे पहिल्या पुस्तकात. देवाने जोडले ते माणसाने तोडू नये, हे शुभवर्तमानात. परस्त्रीकडे वाईट इच्छेने बघणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच आहे, हेही तिथेच. यातले पुष्कळ मी बाप्तिस्म्यापूर्वी वाचले होते. पण हा नियम पुरुषालाही तितकाच लागू आहे, हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी ज्या घरात वाढलो तिथे एका काकांनी दुसरे बिऱ्हाड ठेवले होते, आणि त्याचा उल्लेख हसत होई. त्याच घरात एका आतेबहिणीचा उल्लेखच होत नसे.

कचेरीतही हीच हवा होती. ज्याने माझे नाव गाळले तो सहकारी मनाचा उदार होता, जिभेचा नव्हता.

"काय पाद्रीबुवा, जुनी येते की नवी आणताय?"

"माहीत नाही."

"तोवर कोरडंच? चला आमच्याबरोबर शनिवारी. गाणं ऐकायला काय हरकत आहे? नुसतं गाणं!"

"तू नुसतं गाणं ऐकतोस?"

"मी कुठे पाद्री झालोय!"

मी गेलो नाही. पहिले दोन महिने हे मला सोपे वाटले, पुढचे चार वाटले नाही. एका शनिवारी मी त्याच्याबरोबर ट्रामपर्यंत चालत गेलो आणि तिथून परत फिरलो. त्याने मागून हाक मारली नाही. सोमवारी तो त्याबद्दल बोललाही नाही. उन्हाळ्यात मी निवृत्त शिक्षकांकडे जाऊन सांगितले की त्या शिक्षिकेसाठी दुसरे स्थळ पाहावे.

कोर्टाने सांगितलेली भेट ऑगस्टमध्ये झाली. न्यायाधीशाने त्यासाठी लालबागचे एक पारशी डॉक्टर नेमले होते. दोन्ही पक्षांना ते चालले, कारण ते दोन्ही पक्षांचे नव्हते. बुधवारी दुपारी त्यांच्या दवाखान्यात आम्ही जमलो. तिचे वडील बाहेरच्या बाकावर बसले. डॉक्टरांनी खिशातले घड्याळ काढून औषधांच्या टेबलावर ठेवले.

"अर्धा तास. कागदावर लिवलाय के मी हाजर पाहिजे, तर मी हाजर हाय. तुमी बोला. मी बाटल्या भरते, मला काय ऐकू येत नाय."

ती खिडकीजवळच्या स्टुलावर बसली होती. कुंकू होते, मंगळसूत्र होते. दोन वर्षांनी मी तिला जवळून पाहत होतो.

"तुमचं पत्र आलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आत्याने सगळ्यांपुढे वाचायला लावलं. मीच वाचलं. बायकोने नवऱ्याच्या ताब्यात राहावं. आत्या म्हणाली, एवढ्यासाठी धर्म कशाला बुडवला? हे तर आपल्यातही आहे की."

डॉक्टर बाटलीत काहीतरी ओतत होते. ते खोकले.

मी तिला सांगितले की त्याच्यापुढे आणखी मजकूर होता, नवऱ्याने काय करावे याचा. आणि काय होता तेही सांगितले.

"मग तेवढंच का पाठवलंत?"

"मला तेवढंच पाहिजे होतं."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. माझ्या आठवणीत तिने माझ्याकडे सरळ पाहिलेले हे पहिलेच.

"एक शिक्षिका ठरली आहे म्हणतात."

"मंडळीतल्या एकांनी सुचवली होती. मी नको म्हणून कळवलं."

"केव्हा?"

"तीन महिने झाले."

"आधी का नाही?"

ती उत्तरासाठी थांबली नाही.

"समजा मी पुन्हा नाही म्हणाले. मग?"

"मग कोर्ट मला मोकळं करील. तुलाही. कायद्याने तुलाही दुसरं लग्न करता येतं."

"परळात माझ्याशी लग्न कोण करील? कायदा?"

डॉक्टरांचे ओतणे थांबले.

"संक्रांतीला बायका वाण घेऊन चाळीत फिरत होत्या," ती म्हणाली. "आमच्या दारापाशी आल्या आणि पुढे गेल्या. कुणाची चूक नाही. त्यांना कळेना, मला कुंकू लावायचं की नाही. नवरा आहे का, म्हणून विचारतात. आहे म्हणावं तर घट फोडलेला. नाही म्हणावं तर तुम्ही गिरगावात वर्तमानपत्र लिहिताय. आत्या म्हणते, तू घरातच बस, कुणाला उत्तर द्यायला नको."

अर्जाचा कागद मी स्वतः लिहिला होता. 'मोकळीक' हा शब्द त्यात तीन ठिकाणी होता. तिला काय होईल याविषयी त्यात एक ओळ नव्हती.

"तुमच्यात बायको सोडतात का?" तिने विचारले.

"सोडू नये असं आहे. नवरा ख्रिस्ती आणि बायको नाही, असं असलं तरी. ती राहायला राजी असेल तर त्याने सोडता कामा नये."

"आणि ती बाटली नाही तर?"

"तरी."

"कधीच नाही तर?"

"तरी."

"मी माझं पाणी वेगळं ठेवीन. माझी चूल वेगळी."

"ठेव."

"घरात नको ते शिजणार नाही."

"नाही."

"हे तुमच्या पुस्तकात आहे, की तुम्हीच म्हणताय?"

"चुलीचं मी म्हणतोय. बाकीचं पुस्तकात आहे."

"मग लिहून पाठवा. सगळं. मागच्यासारखं नको."

डॉक्टरांनी घड्याळ उचलून खिशात टाकले. "टायम झाला," ते म्हणाले. ते घड्याळ मला उलटे दिसत होते. माझ्या हिशोबाने अर्ध्या तासावर दहा मिनिटे होऊन गेली होती. हे त्यांनी कोर्टाच्या कागदात लिहिले नाही.

त्या आठवड्यात मी प्रेषिताच्या दोन्ही पत्रांतले लग्नाविषयीचे सगळे प्रकरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उतरवून पाठवले. काही ओळी माझ्या सोयीच्या नव्हत्या. त्याही उतरवल्या. लग्न न करणे चांगले, असेही प्रेषिताने एका जागी म्हटले आहे. तेही गेले.

पंधरा दिवसांनी तिचे वडील कचेरीत आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. हातात माझे कागद होते, घडी जशीच्या तशी.

"हे पूर्ण आहे?"

"आहे."

"काही गाळलं नाही?"

"नाही."

"तुमच्या शब्दावर मी कसा विश्वास ठेवू? पहिलं पत्रही तुमचंच होतं." त्यांनी कागद टेबलावर ठेवले. "आमच्या गिरणीत नक्कल करणारा स्वतःच्या नकलेवर सही करीत नाही. दुसऱ्याने ताडून पाहावी लागते. तुमच्या पाळकांकडून ताडून आणा."

मी कागद पाळकांकडे नेले. त्यांनी त्यावर एक दुपार घालवली. बोट ठेवून ओळ न् ओळ मूळ मजकुराशी ताडली, एका जागी राहिलेला शब्द वर घातला, आणि खाली 'खरी नक्कल' लिहून सही केली. सहीखाली त्यांनी स्वतःची एक ओळ घातली: मंडळी या बाईला धर्माविषयी आपणहून विचारणार नाही. ती ओळ घालायचा अधिकार त्यांना होता की नाही याविषयी ओसरीवर दोन रविवार बोलणे झाले. ओळ राहिली.

तिच्या वडिलांनी ते कागद घेतले, सही पाहिली, तारीख पाहिली. "हे तिच्याजवळ देतो," म्हणाले. "मी तिला काही सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका." तो शब्द त्यांनी पाळला, हे मला नंतर तिच्याकडून कळले. ज्या माणसाला जातीत रोज उत्तर द्यावे लागत होते त्याने हे केले. मी त्यांच्या घरात पुन्हा कधी पाऊल ठेवले नाही. पण माझ्या आयुष्यात ज्यांचा मी सर्वांत जास्त ऋणी आहे, त्यांत ते आहेत.

पुढचे चार महिने परळहून काही आले नाही. मी चूल पेटवायला शिकलो. भात जमला, भाकरी जमली नाही. काकू रविवारी जेवायला बोलवीत, आणि त्या विषयावर एक शब्द काढत नसत.

१८९४ च्या जानेवारीत आम्ही पुन्हा त्याच बाकावर बसलो. या वेळी तिच्या वडिलांनी मध्ये हातभरच जागा सोडली. ती न्यायाधीशाच्या खोलीत गेली. दार लागले. पहिल्या खेपेपेक्षा तिला आत जास्त वेळ लागला. नंतर दुभाष्याने सांगितले की न्यायाधीशाने तिला तीन निराळ्या तऱ्हांनी विचारले, तिच्यावर कुणी जोर केला आहे का. तिन्ही वेळा ती नाही म्हणाली. मग न्यायाधीशाने विचारले, मागच्या वर्षी तू नको म्हणालीस, आता का येतेस? तिने सांगितले, मागच्या वर्षी मला अर्धेच सांगितले होते.

अर्ज निकाली निघाला.

माघात ती गिरगावात आली. तिच्याबरोबर एक ट्रंक, एक तांब्याचा हंडा आणि तिचे वडील. ते वाडीच्या तोंडापर्यंत आले आणि तिथूनच परतले. खोलीच्या एका अंगाला माझी चूल होती. तिने दुसऱ्या अंगाला आपली मांडली आणि हंडा भिंतीशी ठेवला. पहिला आठवडा मी माझ्या चुलीवर माझे करीत होतो. आठव्या दिवशी तिने माझ्या हातातली फुंकणी घेतली.

"भाकरी अशी थापतात का?" ती म्हणाली. "बघवत नाही."

त्यानंतर दोन्ही चुली तीच पाहू लागली. माझे आधी करायची, मग आंघोळ करून आपले. पहिल्या रविवारी मी देवळात निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. पाळकांनी आणि काकूंनी सहीखालची ओळ पाळली. कचेरीतल्या सहकाऱ्याने एवढेच विचारले, "जुनीच का?" मी हो म्हणालो. त्याने दुसऱ्या दिवशी कोवळा फणस पाठवला, आणि निरोप असा की तो तिच्या चुलीसाठी आहे, माझ्या नाही.

तिला आमटी गोड लागते, गुळाची. हे मला त्या फाल्गुनात कळले.

चैत्रात परळहून निरोप आला. निरोप आत्याचा होता. बायको एकटीच गेली. भायखळ्यापर्यंत ट्रामने, पुढे पायी. आत्याने तिला घरात घेतले नाही. दाराबाहेर पाट मांडला, हळदकुंकू लावले, आणि खण-नारळाने तिची ओटी भरली. चाळीतल्या दोन बायका आपापल्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांतली एक पुढे आली आणि तिनेही कुंकू लावले.

दिवे लागायच्या आत ती परत आली. खण ट्रंकेत ठेवला. नारळ पायरीवर फोडला. एक वाटी तिच्या चुलीवर गेली, एक माझ्या.